ताईला फुकटात दाखवलेलं शांघाय

शुनके, हेइलोंगजियांग
२ मार्च २००५

गनशंग,

लिफाफा जाड दिसला म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. आमच्या नदीवर अजून हातभर बर्फ आहे. आमचा हान त्याला भोक पाडून मासे धरतो आणि मी गुडघ्यांना तेल चोळत चुलीशेजारी बसते. सगळं नेहमीसारखं आहे.

कामाचं लिहिते. फोनच करणार होते, पण फोनवर तू "हो हो, बघू या" म्हणतोस आणि पुढच्या फोनपर्यंत कशाला हो म्हणालास तेच विसरतोस. कागदावरचं राहतं.

या महिन्यात मी पंचावन्न पुरी करते. शांघायहून इथे शेतावर पाठवलेल्या आम्हा लोकांना सरकारी कागदात अजून "सुशिक्षित तरुण" म्हणतात. दात पडायला लागले तरी आम्ही तरुणच. तर या तरुणांना म्हातारपणी आपलं नाव शांघायच्या घराच्या नोंदवहीत परत घालून घेता येतं. सत्तर साली चौकीत माझं नाव त्या वहीतून खोडलं तेव्हा मी शेजारी उभी होते. आता ते घालायला फक्त कुटुंबप्रमुखाची सही लागते, आणि बाबांच्या मागे तो तू आहेस.

मला खोली नको, वाटा नको. वहीत एक ओळ पाहिजे. तिथला दवाखाना मिळेल, गुडघ्यांचं काहीतरी होईल, हे आहेच. पण तुझ्याशी कशाला लपवू, मला मरताना शांघायची म्हणून मरायचं आहे. इथे पस्तीस वर्षांनंतरही बाजारात मला "ती शांघायवाली" म्हणतात, आणि शांघायच्या कुठल्याच कागदावर मी नाही.

एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघं चार दिवस येतो. सही तेव्हाच करून टाक. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हानने शांघाय पाहिलेलं नाही, त्यालाही दाखव.

तुझी ताई,
पेइफन


शांघाय
१५ मार्च २००५

आदरणीय ताई,

तुझं पत्र वाचून घरात आनंदीआनंद झाला. छुइदीने तर दोनदा वाचलं. चार दिवस आम्हाला कमीच वाटतात, पण नात्यात माणसाने फार आग्रह करू नये असं माझं मत आहे.

भावोजींना शहर दाखवण्याची काळजी माझ्यावर सोड. शांघाय आता जगातल्या महागड्या शहरांत धरतात. परगावचे लोक येतात, तिकिटं काढतात, लुटले जातात आणि रांगांचे फोटो घेऊन परत जातात. ज्याला शहर कळलं आहे त्याला खिशात हात घालावा लागत नाही. गिरणी बंद झाल्यापासून मी या विषयाचा रीतसर अभ्यास केला आहे. सुपरमार्केटच्या फुकट बसेस कुठून कुठे जातात, कुठल्या वारी कुठल्या दुकानात काय चाखायला ठेवतात, कुठल्या उद्यानात पहाटे सहाच्या आधी तिकीट विचारत नाहीत, हे सगळं मी एका वहीत टिपून ठेवलं आहे. गल्लीतले लोक सल्ल्यासाठी येतात. त्यांनाही मी फुकटच देतो.

सहीचं समोरासमोर बोलू. अशा गोष्टी पत्रात लिहिल्या की नात्याला कोरडेपणा येतो.

तुझा धाकटा भाऊ,
गनशंग

ता. क. वन्संना नमस्कार. येताना तिकडचे काळे मशरूम आणि पाइनच्या बिया आणाव्यात. मासे आणू नयेत, तीन बिऱ्हाडांचं एक स्वयंपाकघर आहे, आठ दिवस वास जात नाही. — छुइदी


शांघाय
६ मे २००५

आदरणीय ताई,

दोन रात्रींची गाडी, सुखरूप पोचला असालच. भावोजींना आमचं शहर मानवलं याचा अभिमान वाटतो. चार दिवस, दोन पाहुणे आणि एकही तिकीट नाही. मी गल्लीत सांगितलं तर लोकांना खरं वाटेना. इतका भरगच्च पाहुणचार कोणी पैसे मोजूनही करणार नाही.

शेवटच्या दिवशी नमुन्याचा फ्लॅट बघायला गेलो तिथे तू एकदम गप्प झालीस. छुइदी म्हणते, तिथल्या गार हवेने तुझं डोकं चढलं असेल. सवय नसते.

गडबडीत सहीचं राहून गेलं. पण मी तुझ्यामागे चौकीत जाऊन चौकशी केली. साहेब म्हणाले, सध्या अर्ज फार आहेत, पुढच्या वर्षी आरामात करा. तेव्हा काळजी नसावी.

आणि सहज आठवलं म्हणून लिहितो. घराचं भाडेकार्ड अजून बाबांच्याच नावावर आहे. त्याचा एक किरकोळ कागद कधीतरी पाठवीन, सही करून परत कर. रीतसर असलेलं बरं.

तुझा,
गनशंग


शुनके
१६ मे २००५

गनशंग,

पोचलो. हान गाडीत दोन्ही रात्री मेल्यासारखा झोपला, कारण तुझ्या माळ्यावर चार रात्री त्याला पाय लांब करता आले नव्हते.

तुझ्या पाहुणचाराची हकिकत गल्लीत तू सांगतोच आहेस, तर माझीही एक असू दे. पहिल्या दिवशी पहाटे पाचला उठवून शिळ्या भातावर गरम पाणी ओतून वाढलंस आणि सहाच्या आत उद्यानात पोचवलंस. तिथे दारात कळलं की आता तिकीटच नाही, दिवसभर सगळ्यांनाच फुकट. तुझं तोंड उतरलं. जे सगळ्यांना फुकट मिळतं त्यात तुला राम वाटत नाही.

मग सुपरमार्केटची बस. साठी-सत्तरीच्या त्या बायका कोपरं मारत ज्या घुसल्या, ते बघून हान मागे सरला. नदीपलीकडे रशियन फौजा उभ्या होत्या तेव्हाही तो सरला नव्हता. आत गेल्यावर छुइदीने त्याला शिकवलं की डंपलिंग एकदा टोपी घालून चाखायचं, एकदा टोपी काढून आणि एकदा तिचा चष्मा लावून. तिसऱ्या वेळी त्या विकणाऱ्या पोरीने त्याला ओळखलं. हा सहा फुटी माणूस इतका लाजला की चार पिशव्या विकत घेऊन आला. चार दिवसांत खिशात हात गेला तो एवढाच, आणि तो पाहुण्याचा. त्या पिशव्या संध्याकाळी तुम्ही शिजवल्यात, आणि पोराला, बिनला शेवटचं डंपलिंग देताना छुइदी म्हणाली की फुकट ते पौष्टिक.

दुपारची झोप फर्निचरच्या दुकानात. रांगेने मांडलेले पलंग आणि जवळजवळ प्रत्येकावर कोणीतरी बूट काढून पडलेलं. तू आम्हाला तुमचा नेहमीचा पलंग दिलास, हा तुझा मोठेपणा. हान घोरायला लागला तेव्हा शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली घेऊन तक्रार केली की इथे रोज येणारी माणसं आहेत, जरा शिस्त पाळा.

नदीकाठचा तो गोळे बसवलेला टॉवर खालून पाहिला, मान दुखेपर्यंत. तू म्हणालास, वर गेलं की टॉवर दिसत नाही, म्हणून तो खालूनच पाहावा. ते मात्र खरं आहे.

नदीकाठी नेलंस आणि बोट दाखवून मला सांगितलंस, ही हुआंगपू. गनशंग, तुला त्या पाण्यात पोहायला मी शिकवलं. तू दोनदा बुडता बुडता वाचलास आणि आईचा मार मी खाल्ला.

पहाटे बाहेर पडायचं ते अंधार पडल्यावर घरी. मी सहीचं काढलं की नेमकी बस यायची. गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर चार दिवस एकच निळी चादर वाळत होती. पाऊस आला तरी कोणी काढेना, म्हणून मी काढायला गेले तर छुइदी धावत आली आणि म्हणाली, राहू द्या वन्सं, अजून ओली आहे. पावसात ओलीच असणार. मला वाटलं, बाई विसराळू झाली.

तुझी चूक एकच झाली, आणि तीही फुकट चहापायी. चौथ्या दिवशी माझे गुडघे सुजले म्हणून तू आम्हाला त्या नमुन्याच्या फ्लॅटमध्ये नेलंस. मऊ सोफा, गार हवा, हवा तेवढा चहा. तुम्ही दोघं दर रविवारी तिथे जाता, हे तुझ्या ध्यानातच आलं नाही, इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट. ती गणवेशातली मुलगी चहा घेऊन आली आणि ओळखीचं हसून छुइदीला म्हणाली, "काकू, तुमच्या गल्लीवर पाडापाडीची खूण झाली म्हणे. मग आता दोन खोल्यांचा घ्यायचा की तीन?"

छुइदीने पेला तोंडाला लावला तो काढेना. तेव्हा मला कळलं की ती चादर कशावर वाळत होती. मुलीने मग आमच्या बोचक्यांकडे पाहून विचारलं, हे पाहुणे कुठले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. तू आधी बोललास.

"लांबचे नातेवाईक आहेत."

गार हवेने माझं डोकं चढलं नव्हतं, गनशंग. मला रडू येत होतं आणि परक्याच्या सोफ्यावर बसून रडायची लाज वाटली.

म्हणून आज एक जुनी गोष्ट काढते, जी मी पस्तीस वर्षांत एकदाही काढली नाही. सत्तर साली आपल्या गल्लीत घरटी एक जण शेतावर पाठवायचा होता. वस्तीच्या समितीची माणसं ढोल वाजवत दारात आली, त्यांच्या कागदावर तुझं नाव होतं. तू सतरा वर्षांचा. आईने तुझ्या छातीला गरम फडकी बांधून तुला निजवलं होतं. मला गिरणीत लागून वर्ष झालं होतं, मला जायचं कारण नव्हतं. मी म्हणाले, त्याला खोकला आहे, माझं नाव लिहा. माझी गाडी सुटली आणि तुझा खोकला बरा झाला. गिरणीतली माझी जागाही तुला मिळाली. आज तुझ्याकडे सही मागावी लागली नसती तर हे माझ्या तोंडून कधीच आलं नसतं.

गल्लीत खूण कधी झाली आणि वहीतल्या नोंदी कधी बंद होणार, ते शेनबाईंना पत्र टाकून विचारलं आहे. त्या माझ्या वर्गातल्या, आता समितीत आहेत, आणि "बघू या" म्हणायची त्यांना खोड नाही.

पेइफन


शांघाय
२७ मे २००५

आदरणीय ताई,

तू रागावलीस. त्या मुलीसमोर काय बोलावं ते सुचलं नाही, शब्द तोंडातून निघून गेला. पुढचं छुइदी लिहिते, तिला नीट मांडता येतं.

वन्संना नमस्कार. चादर मीच लावली. खोटं कशाला बोलू. तुम्ही यांच्याऐवजी गेलात ते फार मोठं केलंत, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. पण तुमच्या मागे सासूबाई सहा वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांचं सगळं या हातांनी केलं. तेव्हा तुमचं पत्र यायचं आणि मशरूम यायचे.

आमचा बिन एकोणतीस वर्षांचा झाला. ज्या मुलीशी त्याचं जमलं आहे तिची आई म्हणते, आधी फ्लॅटची किल्ली दाखवा, मग लग्नाची तारीख काढू. जुनं घर पाडल्यावर मिळेल तेवढ्यावरच आमची सगळी मदार. वहीत जितकी नावं तितके वाटे, ही इथली रीत तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही म्हणता वाटा नको. आज म्हणता. उद्या भावोजी काय म्हणतील, परवा तुमची मुलं काय म्हणतील, याची हमी कोण देणार?

सोबत तो कागद आहे. भाडेकार्ड सासऱ्यांच्या नावावर असल्यामुळे त्यांच्या दोन्ही मुलांच्या सह्या लागतात. तुम्ही हक्क सोडल्याची सही नसेल तर कार्यालय आमचं काही पुढे सरकवत नाही. एवढी सही करून पाठवा, आणि ऑक्टोबरमध्ये दोघंही परत या. या वेळी सगळं तिकीट काढून. टॉवरच्या अगदी वरच्या गोळ्यापर्यंत, नदीवरची दिव्यांची बोट, आणि जेवायला खेकडे. चाखायला नाही, माणशी एक आख्खा. शपथेवर सांगते.

छुइदी


शुनके
७ जून २००५

गनशंग आणि छुइदी,

टॉवरचं आमंत्रण हानला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, त्या गोळ्यातून आपलं घर दिसतं का. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग एवढ्या उंच कशाला चढायचं, आणि मासे धरायला गेला.

छुइदी, आईचं तू केलंस. मला सुट्टी मिळून मी पोचले तेव्हा तिला जाऊन नऊ दिवस झाले होते. तेव्हा तुझे हात हातात घेऊन दोन शब्द बोलायला हवे होते. मी बोलले नाही, कारण तू तिच्याजवळ होतीस आणि मी नव्हते, याचा मला राग होता. आज बोलते. तू होतीस म्हणून माझी आई एकटी मेली नाही. हे मी विसरलेले नाही.

म्हणून तुझ्या कागदावर सही केली आहे. खाली माझ्या हाताने लिहिलं आहे की मला वाटा नको, माझ्या मागे माझ्या मुलांनाही नको. त्यांच्याही सह्या घेतल्या. हानने सही करून वर अंगठाही उठवला, म्हणजे तुझ्या मनात शंका राहायला नको. बिनने बिनघोर लग्न करावं.

पण तो कागद या लिफाफ्यात शोधू नका, तो शेनबाईंकडे पाठवला आहे. त्यांचं उत्तर आलं. आपल्या गल्लीच्या नोंदी तीस जूनला बंद होतात, त्यानंतर त्या वहीत कुणाचं नाव चढणार नाही. गनशंग, तुझे ते चौकीतले साहेब "पुढच्या वर्षी" म्हणालेच नव्हते, कारण तू चौकीत गेलाच नव्हतास.

माझ्या नावाची ओळ असलेली वही घेऊन ज्या दिवशी तू शेनबाईंच्या दारात जाशील, त्या दिवशी त्या तुला कागद देतील. एक जुलै उजाडला तर चुलीत घालतील. मी तसं लिहून दिलं आहे आणि त्यांनी हौसेने कबूल केलं आहे. छुइदीने मागितली ती हमी मी दिली. माझी हमी मी अशी घेतली. तुला कोरडं वाटेल, पण लांबच्या नातेवाइकांत असाच व्यवहार असतो.

पेइफन


शांघाय
२४ जून २००५

ताई,

नाव घातलं. पानाची नक्कल सोबत आहे. मी, छुइदी, बिन, आणि चौथी ओळ तुझी.

शेनबाईंनी मला त्यांच्या दारातून परत आपल्या घरी आणलं, वही हातात घेऊन, चष्मा लावून, स्वयंपाकघरात तिन्ही बिऱ्हाडांसमोर ती ओळ मोठ्याने वाचली आणि मग कागद दिला. मला उभं राहून ऐकावं लागलं. छुइदी चार दिवस माझ्याशी बोललेली नाही. बिन म्हणाला, बाबा, हे आधीच केलं असतंत तर आत्याला खालून टॉवर बघावा लागला नसता.

चौकीत मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो, हेही सांगतो. पहिल्यांदा रांग फार होती. दुसऱ्यांदा रांग नव्हती.

तिसऱ्यांदा आत गेलो. टेबलामागे पंचविशीतला पोरगा होता. त्याने अर्ज पाहून विचारलं, या बाई तुमच्या कोण. मी म्हटलं, माझी थोरली बहीण, सख्खी. मग त्याने तारखा पाहिल्या. सत्तर साली नाव काढलं आणि आता परत घालताय, तर इतकी वर्षं या कुठे होत्या आणि कशासाठी? कारणाचा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही, म्हणाला.

मागे रांग वाढली, एक बाई घाई करायला लागली. माझी बावन्न वर्षं त्या गल्लीत गेली, लग्न तिथे झालं, मुलगा तिथे झाला, गिरणीत रोज मी तुझ्या यंत्रावर उभा राहिलो, आणि हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं.

"माझ्या जागी गेली होती," मी म्हटलं.

तो म्हणाला, असं लिहिता येत नाही. त्याने रकान्यात "शेतकाम" लिहिलं आणि शिक्का मारला.

गनशंग